बोअरवरून नदीवर: शहराचं पाणी एका दिवसात बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेतीन-चार लाख वस्तीचं, झपाट्याने वाढणारं शहर. आजवर सगळं पाणी शहरभर विखुरलेल्या सत्तर-ऐंशी बोअरमधून येतं. पातळी दर वर्षी खाली जाते आणि पंप आणखी खोल सोडावे लागतात. आता नदीवर जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र आणि मुख्य जलवाहिनी पूर्ण होत आली आहे. विचारणारे अभियंते लिहितात की केंद्रातलं चाचणीचं पाणी सगळ्या निकषांत बसतं. म्हणून एक तारीख ठरवून बोअर बंद करायचे, नदीचं पाणी सोडायचं आणि नंतर बोअर बुजवून टाकायचे, असा बेत आहे. यात काही धोका आहे का?

आहे, आणि तो शुद्धीकरण केंद्रात नाही. तो रस्त्याखाली आहे, जुन्या जलवाहिन्यांत. तारीख ठरवून एकदम बदल करू नका, आणि बोअर तर मुळीच बुजवू नका. मी तीस वर्षं याच कामात आहे. अशा बदलांत जे बिघडलं ते जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणाने बिघडलं: नवं पाणी प्रयोगशाळेत तपासलं, पण ते ज्या पाइपातून जाणार होतं तो पाइप कुणी उघडून पाहिला नव्हता.

एका शहरात बदलाच्या आधी आम्ही जुन्या वस्तीतल्या बिडाच्या वाहिनीचा हातभर तुकडा कापून काढला. सहा इंची पाइप, पण आतून मूठ जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली. भिंतीवर तपकिरी फोडांसारख्या गाठी. एक गाठ पेन्सिलीच्या टोकाने फोडली. वर कडक, काळपट कवच होतं आणि आत काळसर-हिरवा, लोण्यासारखा मऊ गाळ. हवा लागली तसा तो पाहता पाहता नारिंगी झाला. त्या पाइपाचे दोन काप केले. एक बोअरच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, दुसरा केंद्रातल्या शुद्ध केलेल्या नदीच्या पाण्यात. सकाळी पहिल्या बादलीतलं पाणी जवळपास तसंच होतं. दुसऱ्या बादलीचा तळ दिसत नव्हता. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण तो बेत थांबवायला बैठकीत तेवढ्या दोन बादल्या पुरल्या.

हे का होतं, ते समजून घ्या. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं, बहुधा जड, क्षारता (म्हणजे आम्ल पचवायची ताकद) भरपूर, विरघळलेला प्राणवायू कमी, सेंद्रिय पदार्थ नगण्य. पंचवीस-तीस वर्षं तेच पाणी वाहिलं की पाइपाच्या आतला गंज, चुन्याचा थर, लोह-मँगेनीजचा साका हे सगळं त्या पाण्याशी जमवून घेतं. नदीचं पाणी त्याच्या जवळपास उलट असतं: मऊ, क्षारता कमी, प्राणवायू भरपूर, ऋतूप्रमाणे तापमान बदलणारं, शिवाय क्लोरीन जास्त दिलेलं. क्लोराईड आणि सल्फेट यांचं बायकार्बोनेटशी असलेलं प्रमाण बदलतं. गंजाच्या कवचाला धरून ठेवणारी परिस्थितीच उरत नाही. ते कवच सुटतं, आतला गाळ वाहू लागतो आणि लोक म्हणतात, 'नदीचं पाणी लाल आहे.' नदीचं पाणी स्वच्छच असतं, लाल असतो तो आपला जुना पाइप.

याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण अमेरिकेतल्या टूसॉन शहराचं. वाळवंटातलं शहर, सगळी भिस्त विहिरींवर. कोलोरॅडो नदीचं पाणी पाचशे किलोमीटरहून लांबच्या कालव्याने आणलं, नवं शुद्धीकरण केंद्र बांधलं आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये शहराच्या मोठ्या भागाला ते सुरू केलं. काही दिवसांतच नळांना तपकिरी, वास येणारं पाणी. जस्ताचा मुलामा दिलेले घरगुती पाइप फुटू लागले, पाणी तापवायच्या टाक्या गळू लागल्या, भरपाईचे दावे आले. १९९४ मध्ये पुरवठा थांबवावा लागला. १९९५ मध्ये मतदारांनी कौल देऊन त्या पाण्याच्या थेट पुरवठ्यावर बंधनं घातली. शहराने मग वेगळा रस्ता धरला. नदीचं पाणी शेजारच्या खोऱ्यातल्या उथळ तलावांत सोडून जमिनीत मुरवायचं, भूजलात मिसळू द्यायचं आणि विहिरींतून परत उपसायचं. असं मिश्रण २००१ पासून नळांना जाऊ लागलं, आणि या वेळी आधी लोकांना चाखवून, विचारून. मधली सात वर्षं गमावली, विश्वास गमावला तो वेगळाच.

टूसॉनची एक बाब फारशी कुणी सांगत नाही, आणि तुमच्या शहराला ती जशीच्या तशी लागू आहे. बोअर शहरभर पसरलेले असतात, त्यामुळे पाणी प्रत्येक भागात जवळूनच शिरतं आणि थोडंच अंतर चालतं. नदीचं पाणी एका बाजूने येतं. म्हणजे कितीतरी वाहिन्यांत प्रवाहाची दिशाच उलटते आणि वेग बदलतो. ज्या गल्लीत वर्षानुवर्षं पाणी संथ होतं तिथे ते जोराने धावू लागतं. तळाशी बसलेला साका उठायला एवढंही पुरतं, मग रसायन कितीही अचूक सांभाळलेलं असो. तेव्हा तुमच्या जाळ्याचं संगणकीय प्रारूप असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: कोणत्या वाहिन्यांत दिशा उलटणार आहे? त्या नकाशावर लाल रंगाने काढा. धुलाई तिथून सुरू करायची.

दुसरं उदाहरण बीजिंगचं. ऑक्टोबर २००८ मध्ये शेजारच्या हबेई प्रांतातल्या धरणांचं, सल्फेट जास्त असलेलं पाणी शहराला सुरू केलं आणि काही भागांत लाल पाणी आलं. सगळीकडे नाही. जे भाग आधीपासून भूजलावर होते तिथेच प्रामुख्याने. ज्या भागांत पूर्वीही धरणाचं पाणी होतं तिथले गंजाचे थर जाड आणि मॅग्नेटाइटने, म्हणजे लोहाच्या टिकाऊ काळ्या ऑक्साईडने, भरलेले होते, ते टिकले. भूजलाच्या भागातले थर पातळ आणि नाजूक होते, ते सुटले. एकच शहर, एकच पाणी, आणि फरक फक्त पाइपाच्या जुन्या सवयीचा. पुढे दक्षिणेकडच्या दानजियांगको धरणाचं पाणी हजार किलोमीटरहून लांबून आणायचं ठरलं. तेव्हा बीजिंगच्या लोकांनी आपल्या शहरातले जुने पाइप उखडून त्या धरणाकाठी नेले आणि ते पाणी त्यातून खेळवून पाहिलं. २०१४ च्या डिसेंबरात पाणी पोचलं ते टप्प्याटप्प्याने, जुन्या पाण्यात मिसळत सोडलं. मला हा त्या योजनेतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो.

तुम्हीही हेच करा, लहान प्रमाणावर. वेगवेगळ्या वयाच्या आणि धातूच्या आठ-दहा वाहिन्यांतून तुकडे काढा: बीड, पोलाद, घरांकडे जाणारे जस्ताचा मुलामा दिलेले (जीआय) पाइप, कुठे शिशाची जोडणी असेल तर तीही. ते केंद्रात एका चौकटीवर बसवा आणि त्यातून निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर, नदीचं शुद्ध पाणी खेळवा. दिवसा वाहतं ठेवा, रात्री सहा-आठ तास थांबवा, कारण घरातला नळही असाच वागतो. थांबलेल्या पाण्यात लोह, शिसं, जस्त, गढूळता आणि उरलेला क्लोरीन मोजा. पुराचं पाणी आणि कडक उन्हाळ्यातलं पाणी, दोन्ही त्यातून जाऊ द्या. अहवालातले सरासरीचे आकडे पाइपाला कळत नाहीत.

आकड्यांबद्दल. 'निकषांत बसतं' हे वाक्य पिणाऱ्याच्या आरोग्यासाठी आहे, पाइपासाठी नाही. पाइपासाठी वेगळे आकडे मागा. क्लोराईड आणि सल्फेट यांची बेरीज भागिले बायकार्बोनेट, हे लार्सन गुणोत्तर. समतुल्य मापात ते साधारण अर्ध्याच्या वर गेलं की लोखंडाबाबत सावध व्हायचं आणि एकाच्या वर गेलं की काळजी करायची. शिसं किंवा शिशाचं डाख असेल तर क्लोराईडचं सल्फेटशी असलेलं प्रमाण पाहा. वजनात ते अर्ध्याच्या वर गेलं तर धोका वाढतो. तुरटीऐवजी फेरिक क्लोराईड किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराईड वापरलंत तर हे प्रमाण तुम्ही स्वतःच वाढवता. शुद्धीकरणाचं रसायन निवडताना हा विचार क्वचितच होतो. लँगेलिअर निर्देशांक सगळेच काढतात. चुन्याचा थर बसेल की विरघळेल एवढंच तो सांगतो, त्याच्यावर लोखंडाचं भवितव्य सोडू नका.

अमेरिकेतल्या फ्लिंटची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्या शहराने ह्यूरॉन सरोवराचं, डेट्रॉइटकडून येणारं शुद्ध पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं आणि गंजरोधक फॉस्फेट घातलंच नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये परत जुन्या पाण्यावर जावं लागलं. तोवर शिसं मुलांच्या रक्तात पोचलं होतं. त्यातली मला न विसरता येणारी गोष्ट अशी की पाणी बदलून सहाच महिने झाले असताना तिथल्या मोटारींच्या इंजिन कारखान्याने नदीचं पाणी नाकारलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. कारखान्यातल्या लोखंडाची तक्रार ऐकली गेली. घरांतून येणाऱ्या तक्रारींना मात्र पाणी सुरक्षित आहे असंच उत्तर मिळत राहिलं. तुमच्या शहरात पहिल्या आठवड्यात कुणी बाटलीत लाल पाणी घेऊन आलं तर त्याला निकषांचा कागद दाखवू नका. बाटली घ्या, पत्ता लिहा, त्याच दिवशी माणूस पाठवा.

आता मिसळण्याबद्दल, कारण इथे चांगले अभियंतेही चुकतात. हळूहळू मिसळायचं हे सगळे मान्य करतात, पण कुठे? पुष्कळदा असं होतं की अर्धे बोअर चालू ठेवतात, एका बाजूने नदीचं पाणी सोडतात आणि दोन्ही पाणी जाळ्यात आपोआप भेटतील असं धरून चालतात. ती भेटतात, पण त्यांची सीमा मागणीप्रमाणे सरकत राहते. सकाळी एका गल्लीत बोअरचं पाणी, दुपारी नदीचं, रात्री परत बोअरचं. पाइपाला याहून वाईट वागणूक नाही. मिश्रण टाकीत करा, वाहिनीत नको. बोअरचं पाणी एकत्र आणून ज्या जलकुंभात पोचवता येईल, तिथेच नदीचं पाणी घ्या आणि खाली एकजीव झालेलं सोडा. जिथे हे जमत नाही तो भाग व्हॉल्व्हने पूर्ण वेगळा करा आणि एकतर पूर्ण बोअरवर ठेवा, नाहीतर पूर्ण नदीवर.

आणखी एक फसवी गोष्ट. दोन पाण्यांचं मिश्रण म्हणजे त्यांची सरासरी नव्हे. दोन्ही पाणी आपापल्या जागी चुन्याने तृप्त असतील, तरी त्यांच्यातला कार्बन डायऑक्साईड वेगळा असेल तर मिश्रण चुना खाणारं निघू शकतं. म्हणून वीस, चाळीस, साठ टक्के अशी प्रत्येक पायरी आधी प्रयोगशाळेत मिसळून तपासा, आणि त्याप्रमाणे चुन्याची निवळी किंवा सोडा देऊन सामू (पीएच) आणि क्षारता एका पातळीला धरून ठेवा. सामू दिवसभरात वरखाली होत राहणं हे थोड्या कमी सामूपेक्षाही वाईट. एका पायरीवर किती थांबायचं? मी निदान तीन-चार आठवडे थांबतो, आणि लोह व गढूळतेचे आकडे खाली आल्याशिवाय पुढे जात नाही.

जंतुनाशकात त्याच वेळी बदल करू नका, हे ठळकपणे सांगतो. वॉशिंग्टनमध्ये नदीचं पाणी तेच राहिलं होतं. २००० साली फक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग, सुरू केलं. क्लोरीनच्या जोरावर टिकून असलेला शिशाचा थर विरघळू लागला आणि नळांत शिसं वाढलं. एका वेळी एकच बदल करा. पाणी बदललं, क्लोरीन बदललं, दाब बदलला असं सगळं एकाच महिन्यात झालं तर दोष कशाचा हे कुणालाच शोधता येणार नाही.

शुद्धीकरण केंद्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुस्तकं भरपूर आहेत. गाळण टाळून चालत नाही. १८९२ मध्ये हँबुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पुरवत होतं, शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, हँबुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी वाळूतून गाळून. कॉलऱ्याने हँबुर्गमध्ये ८,६०० हून अधिक माणसं गेली आणि दोन शहरांच्या सीमेवरच्या रस्त्याला आल्टोनाची बाजू बहुतांशी वाचली. दुसरं, नदीतल्या सेंद्रिय पदार्थांवर क्लोरीन पडला की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. रॉटरडॅमच्या जलकेंद्रात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये दाखवलं. म्हणून कच्च्या पाण्यात सढळ हाताने क्लोरीन टाकायची सवय सोडा, आधी गाळ आणि सेंद्रिय भाग काढा. तिसरं, नदीत सांडपाणी येत असेल तर अमोनियाकडे लक्ष ठेवा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन खातं. ढाक्यात शितलक्ष्या नदीवरच्या सैदाबाद केंद्राला या अमोनियापायीच जैविक पूर्वप्रक्रिया जोडावी लागली.

माणसांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. आज तुमच्याकडे पंपचालक आहेत. ते कळ दाबतात, मीटर लिहितात, क्लोरीनची टाकी भरतात, आणि बोअरचं पाणी वर्षभर तेच राहतं. नदी तशी नाही. संध्याकाळी दहा एनटीयू (गढूळता मोजायचं एकक) असलेली गढूळता वर कुठे तरी पाऊस झाला की पहाटेपर्यंत हजारावर जाऊ शकते. त्या वेळी कुणीतरी सहा चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा टाकून जार टेस्ट करायची असते आणि तुरटी किती वाढवायची ते तिथल्या तिथे ठरवायचं असतं. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. पुराच्या पाण्यात क्षारता आधीच कमी. मात्रा दुप्पट केली की सामू कोसळतो, गाळाचे गोळे धरत नाहीत, आणि तेच आम्लाकडे झुकलेलं पाणी तुमच्या जुन्या पाइपात जातं. तेव्हा सोबत चुना द्यायला हवा हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत असावं लागतं, आणि वरिष्ठांना न विचारता तसं करायचा अधिकार त्याच्याकडे असावा लागतो. केंद्र सुरू होण्याआधी वर्षभर ही माणसं दुसऱ्या शहराच्या नदीवरच्या केंद्रात पाठवा. पुराचा एक तरी हंगाम त्यांनी तिथे काढू दे.

बोअर का बुजवायचे नाहीत, ते आता. ९ जानेवारी २०१४ ला अमेरिकेच्या पश्चिम व्हर्जिनियात एल्क नदीकाठच्या टाकीतून एक रसायन गळलं. चार्ल्सटन परिसराचं पाणी उचलायचं ठिकाण तिथून थोडंच खाली होतं आणि दुसरा स्रोत नव्हता. तीन लाख माणसांना कित्येक दिवस शौचालयाखेरीज कशालाही ते पाणी वापरता येईना. त्याच वर्षी ऑगस्टात एरी सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे अमेरिकेतल्याच टोलेडो शहराचं पाणी थांबलं. नदीवर गेलेल्या शहराने निदान पिण्यापुरतं पाणी देतील एवढे बोअर सज्ज ठेवायलाच हवेत. सज्ज म्हणजे महिन्यातून निदान दोनदा तासभर चालवून, पाणी तपासून, वीज आणि क्लोरीनची सोय जागेवर ठेवून. चार वर्षं बंद राहिलेला पंप संकटाच्या दिवशी सुरू होत नाही.

पण बोअर सज्ज ठेवणं वेगळं आणि सगळे चालूच राहू देणं वेगळं. शहराने उपसा थांबवला तरी खासगी बोअर थांबत नाहीत. बँकॉकमध्ये १९८० च्या सुमारास काही भागांत जमीन वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त खचत होती. १९७७ चा भूजल कायदा होताच. खचणं खरोखर मंदावलं ते भूजलावर आकार लावून तो वाढवत नेल्यावर आणि त्याच वेळी नळाचं पाणी त्या भागांत पोचवल्यावर. ह्यूस्टन परिसरात १९७५ मध्ये स्थापलेल्या यंत्रणेने टप्प्याटप्प्याने उपसा कमी करायला लावला आणि नदी-धरणाचं पाणी दिलं. दोन्हीकडे क्रम महत्त्वाचा होता. नळाला भरवशाचं पाणी दिल्याशिवाय बोअरबंदीचा हुकूम काढलात तर तो कागदावरच राहील.

आणि उपसा थांबल्यावर पाणी वर येतं, याचाही हिशेब करा. तोक्योत उपशावर बंधनं आल्यावर भूजल इतकं वर आलं की उएनो रेल्वे स्थानकाचा भूमिगत भाग उचलला जाऊ नये म्हणून आत वजनं ठेवावी लागली. लंडनमध्ये कारखान्यांचा उपसा घटल्यावर बोगदे आणि तळघरं वाचवण्यासाठी मुद्दाम पाणी उपसावं लागलं. तुमच्या शहरात पातळी खाली असताना जे तळघरांचे वाहनतळ बांधले गेले त्यांची यादी आजच करा, आणि दहा-बारा बोअर फक्त पातळी मोजायला राखून ठेवा.

नदीकाठी वाळूचा जाड थर असेल तर एक मधला मार्गही पाहा: पाणी नदीतून थेट न उचलता काठावरच्या विहिरींतून उपसायचं, म्हणजे वाळूच ते गाळते. बुडापेस्ट जवळजवळ पूर्णपणे डॅन्यूबकाठच्या अशा विहिरींवर चालतं. केंद्र बांधून झालं असलं तरी काही भाग असा घेता येतो, आणि त्या पाण्याचं तापमान आणि गढूळता तुमच्या जुन्या पाइपांना जास्त मानवेल.

शेवटी बदलाच्या आधीच्या दोन महिन्यांचं काम. लाल रंगाने काढलेल्या वाहिन्यांपासून एका दिशेने धुलाई करा: स्वच्छ बाजूकडून व्हॉल्व्ह एकेक उघडत, बाकीचे बंद ठेवून, पाणी पारदर्शक होईपर्यंत. धुलाई रात्री करा आणि गल्लीत आदल्या दिवशी सांगून करा. डायलिसिस केंद्रांना लेखी कळवा आणि पोच घ्या. क्लोरीन आणि अ‍ॅल्युमिनियम वाढलेलं पाणी त्यांच्या यंत्रांतून थेट रुग्णाच्या रक्ताशी भिडतं, त्यांना गाळण्या बदलायला वेळ हवा. बॉयलर, रंगाई, औषधनिर्मिती असलेल्या कारखान्यांनाही कळवा. लोकांना आधीच सांगा की पाण्याची चव बदलेल, ते ऋतूप्रमाणे गार-गरम लागेल, साबणाला फेस जास्त येईल, आणि काही दिवस रंग आला तर कुणाला फोन करायचा. त्या फोनवर माणूस बसवा. प्रत्येक तक्रार नकाशावर टोचत जा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचण्या एका भागात दाटल्या की तिथला व्हॉल्व्हमन बोलवा. बहुतेक वेळा त्याला आधीच ठाऊक असतं की कोणता व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला आहे.